आजाराचे सोंग आणि चौदा वर्षांची मुलगी

प्रश्न : मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या बालरोग विभागाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना किशोरवयीन रुग्णांशी बोलण्याचा सराव देण्यासाठी स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या प्रयोगशाळेत, सत्र ठेवले आहे. त्यासाठी खरे रुग्ण नकोत, रुग्णाची भूमिका करणारी मुले हवी आहेत. माझी मुलगी नववीत आहे, नुकतीच चौदा पूर्ण झाली असून शाळेच्या एकांकिकांत काम करते. म्हणून विभागप्रमुख मॅडमनी तिच्याबद्दल विचारले. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेली, पण आतून खचलेली आणि स्वतःला इजा करून घेणारी मुलगी अशी ती भूमिका आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलालाही दम्याचा रुग्ण म्हणून आणावे, असे त्यांनी सुचवले. मुलगी हरखून गेली आहे. पती म्हणतात, माझी मुले शिकाऊ डॉक्टरांच्या हाती देणार नाही. सासूबाई म्हणतात, आजाराचे सोंग घेऊ नये, ते अंगाशी येते. मॅडमना नाही म्हणणे मला जड जाते. काय करावे?
— एक परिचारिका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन मुलांचे दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, म्हणून त्यांची उत्तरेही वेगळी देतो. मुलाला दम्याचा रुग्ण म्हणून पाठवू नये. मुलीला जायचे असेल तर जाऊ द्यावे. मात्र तिला देऊ केलेली भूमिका आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, आणि पुढे लिहिलेल्या काही गोष्टी विभागाने लेखी मान्य केल्याशिवाय होकार देऊ नये.

प्रथम धाकट्याचे पाहू. दम्याच्या मुलाच्या छातीत जी शिट्टीसारखी घरघर ऐकू येते ती सात वर्षांच्या निरोगी मुलाला काढून दाखवता येत नाही. विद्यार्थी स्टेथोस्कोप लावतील आणि त्यांना स्वच्छ श्वास ऐकू येईल, म्हणजे जे शिकायचे तेच तेथे नसेल. दम्याचा इतिहास सांगणार आई किंवा वडील, कारण रात्री खोकला किती वेळा येतो, पंप कसा घेतो, शाळा किती बुडते हे सर्व त्यांनाच विचारले जाते. आवाज ऐकवण्यासाठी स्किल लॅबमध्ये ध्वनिमुद्रित फिती आणि मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचे माणसाचे पुतळे, असतात. रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती शिक्षणासाठी वापरण्याची पद्धत 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने सुरू केली. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात पॉला स्टिलमन या बालरोगतज्ज्ञांनी ती आपल्या शाखेत आणली, तेव्हा त्यांनी भूमिकेसाठी प्रशिक्षण दिले ते आयांना. मूल खोलीत नसतानाही बालरोगशास्त्रातील पुष्कळसे संभाषण शिकवता येते, हे या शाखेला तेव्हापासून ठाऊक आहे.

शिवाय सात वर्षांचे मूल भूमिकेत शिरले की त्यातून कधी बाहेर आले हे त्यालाही नेमके सांगता येत नाही. पहिल्या विद्यार्थ्यासमोर ते ठरल्याप्रमाणे बोलेल, तिसऱ्यासमोर कंटाळेल, पाचव्याला “मला काही झालेलं नाही, आई म्हणाली म्हणून बसलोय” असे सांगून मोकळे होईल. आणि ते अगदी योग्यच असेल. त्याला न्यायचेच असेल तर त्याने स्वतःच म्हणून जावे. उंची मोजणे, वजन घेणे, चित्र काढायला सांगणे, निरोगी मुलाशी गप्पा मारत त्याचा विश्वास मिळवणे हे विद्यार्थ्यांना शिकायचे असतेच, आणि त्यासाठी आजाराची गोष्ट रचावी लागत नाही. अर्ध्या तासाहून अधिक नाही, आपण शेजारी बसलेल्या, आणि त्याने “पुरे” म्हटले की पुरे. मोबदल्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2016 च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवता येत नाही. त्यातील अपवाद शाळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात हातभार लावण्याचा आणि चित्रपट, मालिका, जाहिराती, खेळ यांतील बालकलाकारांचा आहे. वैद्यकीय शिक्षणाचा तेथे उल्लेख नाही. म्हणून धाकट्यासाठी पैशाचे पाकीट कोणी पुढे केले तर ते नाकारावे.

आता मुलीकडे वळतो, कारण खरा विचार तिथेच करायचा आहे.

किशोरवयीन रुग्णाशी बोलणे हे कौशल्य प्रौढ नट समोर बसवून अर्धेच शिकवता येते. बावीस वर्षांची मुलगी सतरा वर्षांची भूमिका निभावून नेईल, पण चौदाव्या वर्षीची ती खास गप्प बसण्याची रीत, आईकडे पाहून मग उत्तर देण्याची सवय, “माहीत नाही” या दोन शब्दांत दहा गोष्टी लपवण्याची हातोटी तिच्याकडे उरलेली नसते. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात मुलगी खुर्चीवर बसते आणि उत्तरे आई देते, हे आपण रोज पाहत असाल. विद्यार्थ्याने शिकायचे असते ते नेमके हे, की आईला न दुखावता काही वेळ बाहेर बसायला कसे सांगावे, मुलीला गोपनीयतेची हमी कशी द्यावी, आणि जिवाला धोका असेल तर ही हमी कोठे संपते हेही आधीच कसे सांगून ठेवावे. घर, शाळा, छंद आणि मित्रमंडळी, व्यसने, लैंगिकता, मनःस्थिती आणि आत्महत्येचे विचार या क्रमाने सोप्याकडून अवघडाकडे जाणारी विचारपूस बालरोगतज्ज्ञ ‘हेड्स’ या नावाने शिकतात. ती पुस्तकातून पाठ होते, पण चौदा वर्षांच्या डोळ्यांत पाहून व्यसनांचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. राज्यात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात, 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2019 च्या तुकडीपासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात संवादकौशल्याला जागा आहे. परंतु त्या खुर्चीवर बसणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कोठेतरी अडखळत शिकावे लागते. ते अडखळणे खऱ्या खचलेल्या मुलीसमोर होण्यापेक्षा आपल्या मुलीसारख्या समंजस मुलीसमोर झालेले बरे.

पतींच्या आक्षेपाला येथेच उत्तर देतो. आपली मुले शिकाऊ डॉक्टरांच्या हाती नकोत, ही भावना स्वाभाविक आहे. पण मग कोणाची असावीत? परीक्षेच्या दिवशी बालरोग विभागात ‘केस’ म्हणून आणलेली मुले आपण पाहिली असतील. हृदयाच्या झडपेचा दोष असलेले सहा वर्षांचे एखादे मूल सकाळी आठपासून पलंगावर उघड्या छातीने बसलेले असते, हातात बिस्किटाचा पुडा, शेजारी तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेली आई. एकामागून एक विद्यार्थी गार स्टेथोस्कोप लावून ‘मर्मर’, म्हणजे हृदयातला तो जादा आवाज, ऐकतात, आणि परीक्षक त्या मुलाच्या डोक्यावरून इंग्रजीत त्याच्या आयुष्याचे भाकीत विचारतात. त्या आईला कोणी संमतिपत्र वाचून दाखवलेले मी फारसे पाहिले नाही. भूमिका करणाऱ्या मुलांबाबत आपण इतका विचार करतो हे चांगलेच आहे, पण तोच विचार त्या पलंगावरच्या मुलालाही लागू आहे, आणि भूमिकेच्या पद्धतीचे एक मोठे समर्थन हेच की ती त्या मुलाच्या वाट्याचा काही भार कमी करते. अर्थात त्यासाठी आपल्या मुलीवर भार टाकावा असा याचा अर्थ नाही. म्हणून भूमिकेबद्दल बोलू.

स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलीची भूमिका मी चौदाव्या वर्षी देणार नाही. सासूबाईंचे म्हणणे अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्याआधी हेही पाहावे की, आजाराच्या सोंगाने दमा किंवा पोटदुखी होत नसली, तरी आत्महत्येच्या विचारांचे सोंग वारंवार घेण्याबद्दल कॅनडातील टोरांटोच्या अभ्यासकांनीही काळजी व्यक्त केली होती. 2002 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखनात किशोरवयीन भूमिकाकारांची निवड करताना आत्महत्येच्या विचारांचा संसर्ग हा धोका धरून चालावे आणि त्यासाठी आधी चाळणी लावावी, हा मुद्दा मांडलेला आहे. आधीच मनातून दुखावलेल्या मुलाला अशी भूमिका मिळाली, तर ती त्याच्यापुरती भूमिका राहत नाही. आणि कोणते मूल दुखावलेले आहे हे आईला नेहमी ठाऊक असते असे समजू नये. आपल्या मुलीच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीने हातावर ब्लेड मारून घेतल्याचे तिला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, हे अगदी शक्य आहे.

म्हणून पहिली अट अशी असावी की, निवडीपूर्वी विभागाशी संबंध नसलेल्या समुपदेशकाने किंवा मानसशास्त्रज्ञाने मुलीशी एकटीशी बोलावे, आणि त्या बोलण्यानंतर उत्तर ‘नाही’ आले तर ते का आले हे कोणी विचारू नये, आपणही नाही. मुलीच्या जिवाला धोका आहे असे समुपदेशकाला वाटले तर तो आपल्याला सांगेलच. त्याखेरीज त्या खोलीतले त्या खोलीत राहू द्यावे. दुसरी अट भूमिका बदलण्याची. परीक्षा जवळ आली की पोट दुखणारी, शाळा टाळणारी, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारी मुलगी, जिचे आईशी पटेनासे झाले आहे. एवढ्या कथेतही आईला बाहेर बसवणे, गोपनीयता, हेड्सची सर्व विचारपूस शिकवता येते. आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न विद्यार्थ्याने विचारायचाच असतो. त्याला मुलीचे उत्तर “नाही, तसं कधी वाटलं नाही” असे ठेवता येते. अवघड उत्तर देणारा प्रसंग शिकवायचा असेल, तर तेथे प्रौढ नटी घ्यावी आणि वय सतरा-अठरा ठेवावे.

भूमिका निवडताना आणखी एक गोष्ट सहज निसटते. मुलीच्या शरीराकडे पाहून तिला भूमिका देऊ नये. अंगाने भरलेली मुलगी दिसली की स्थूलतेच्या रुग्णाची भूमिका, काटकुळी दिसली की जेवण टाळणाऱ्या मुलीची, मुरुमे दिसली की हार्मोनच्या तक्रारीची, असे करणे दिग्दर्शकाला सोयीचे असते. पण मग एकामागून एक भावी डॉक्टर त्या मुलीला वजन कमी करायला सांगतात, तिच्या स्वतःच्या वजनाबद्दल, आणि घरी जाताना ते शब्द भूमिकेतल्या मुलीबरोबर मागे राहत नाहीत. तोच नियम कथेलाही लावावा. आपल्या घरात कोणाला व्यसन असेल, नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल, तर त्या विषयाच्या जवळपास जाणारी कथा नको. संहिता आधी हाती द्यायला सांगावी, आपण वाचावी, मुलीने एकटीने वाचावी, आणि तिने खूण केलेली वाक्ये काढून टाकावीत.

आता थोडा हिशेब करू, कारण चांगल्या हेतूंचे पुष्कळदा हिशेबातच बिनसते. तुकडी दीडशे विद्यार्थ्यांची आहे असे धरू आणि प्रत्येकाला दहा मिनिटे द्यायची म्हटले, तर पंचवीस तास होतात. ओएससीई या, एकेका ठिकाणी ठरावीक मिनिटांत कौशल्य दाखवण्याच्या, परीक्षेत तर घंटा वाजते, विद्यार्थी बदलतो, खुर्चीवरची मुलगी बदलत नाही. तीच व्यथा तिने तासाला सहा वेळा सांगायची, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी. म्हणून परीक्षेसाठी मुलगी देऊ नये. शिकवण्याच्या सत्रासाठी द्यावी, जिथे शिक्षक मध्येच थांबवू शकतो. सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट केले, एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे असे ठरवले, तर पंचवीस मुलाखती पुरतात. दोन मुली आणि दोन-तीन दिवस असले तर एकीच्या वाट्याला दिवसाला चार-सहा येतात. माझ्या मते दिवसाला चार पुष्कळ झाल्या, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी धरून, आणि शाळेच्या परीक्षांच्या आसपास एकही नको.

विद्यार्थी नवखे असतात, हे विसरू नये. कोणी ऐकता ऐकता टिपणे काढत बसेल, कोणी मुलीशी बोलायचे सोडून उपदेश करील, कोणी “आईबाबा एवढे करतात, तुला काय कमी आहे?” असे विचारील. म्हणून पूर्ण वेळ खोलीत एक शिक्षक हवा, काचेपलीकडे नव्हे. मुलीला थांबवण्याचा एक ठरलेला शब्द किंवा खूण द्यावी, आणि सत्राच्या आधी एकदा मुद्दाम ती वापरून पाहावी; कारण मोठ्यांसमोर “थांबा” म्हणण्याची सवय आपण मुलींना लावलेली नसते, आणि कागदावर लिहिलेला थांबण्याचा हक्क आयत्या वेळी तोंडातून फुटत नाही.

शारीरिक तपासणी या सत्रात असू नये, हे स्पष्ट लिहून घ्यावे. नाडी आणि रक्तदाब इथपर्यंत ठीक. छाती, पोट, कपडे सैल करणे यांपैकी काही नाही. खोलीत एक महिला कर्मचारी सतत असावी. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि ही मर्यादा मुलीइतकीच विद्यार्थ्यांच्या हिताची आहे. चित्रीकरणाबद्दल विचारावे. बहुतेक स्किल लॅबमध्ये कॅमेरे असतात आणि ‘फक्त अध्यापनासाठी’ हे शब्द फार लवचीक असतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे, तेव्हा चित्रण होणार असेल तर ते कोण पाहणार आणि केव्हा पुसणार हे कागदावर यावे. मी असतो तर चित्रण नकोच म्हटले असते. विद्यार्थ्यांचे मोबाइल बाहेर ठेवावेत.

आपल्या स्वतःच्या स्थानाविषयी आता लिहितो, कारण मला पत्रात सर्वांत जास्त खटकले ते मॅडमना नाही म्हणणे जड जाते, हे शेवटी लिहिलेले वाक्य. विभागप्रमुखांनी आपल्या अखत्यारीतील परिचारिकेला तिच्या मुलीबद्दल विचारले, की ती नुसती विनंती राहत नाही. मॅडमचा हेतू कितीही चांगला असला तरी ड्यूटीचा तक्ता, रजा, गोपनीय अहवाल हे सर्व त्या विचारण्यामागे न बोलता उभे असते. म्हणूनच मुलांची मागणी कर्मचाऱ्यांकडे वैयक्तिकपणे करू नये; सूचना फलकावर लावावी, शहरातल्या बालनाट्य संस्थांना कळवावे, आणि नावे विभागाबाहेरच्या व्यक्तीकडे, उदाहरणार्थ वैद्यकीय शिक्षण कक्षाकडे द्यावीत. आपल्या मुलीच्या बाबतीत दुसरीही अडचण आहे. आज तिच्यासमोर बसणारे विद्यार्थी उद्या इंटर्न म्हणून आपल्याच वॉर्डात येतील, आणि “सिस्टरांच्या मुलीला डिप्रेशन आहे म्हणे” ही वदंता उठायला कोणाची वाईट बुद्धी लागत नाही, अर्धवट ऐकणे पुरते. तेव्हा भूमिकेला वेगळे नाव हवे, सत्राच्या आरंभी आणि शेवटी ही भूमिका आहे हे मोठ्याने सांगायला हवे, आणि शक्य असल्यास मुलीने आपल्या रुग्णालयात न जाता दुसऱ्या महाविद्यालयात जावे. एकाच शहरात किंवा जवळपास दोन महाविद्यालये असतील तर अशी अदलाबदल करणे अवघड नाही. भूमिकेतली आई आपण स्वतः मुळीच होऊ नये. आईबद्दलची तक्रार खऱ्या आईच्या देखत आणि तिच्या सहकाऱ्यांसमोर बोलायला लावणे हे त्या मुलीवर अन्यायाचे आहे. आपण शेजारच्या खोलीत असावे, तिला दिसेल अशा दारापाशी.

संमतीबद्दल थोडेसेच. आपली सही पुरेशी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संशोधनासाठी बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी मान्यता पालकांच्या संमतीखेरीज मागितली आहे. हे सत्र संशोधन नसले तरी तोच नमुना येथे वापरायला हरकत नाही. मुलगी आत्ता हरखलेली आहे, तेव्हा लगेच सही घेऊ नये. तिला संहिता द्यावी, चार-आठ दिवस जाऊ द्यावेत, मग विचारावे. नाटकाच्या आवडीपोटी ती तयार झाली असेल तर तिला हेही सांगावे की येथे टाळ्या नाहीत, प्रेक्षक तिच्याकडे पाहत नसून समोरच्या विद्यार्थ्याकडे पाहत आहेत, आणि तिने उत्तम काम केले तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे ऐकूनही तिचा उत्साह टिकला तर ती योग्य मुलगी आहे. तिचे चौदा पूर्ण झाले असल्याने मानधन देता येईल. देणार असतील तर तिच्या नावच्या बँक खात्यात यावे. कर्मचाऱ्यांची मुले म्हणून फुकट, असे मात्र चालू देऊ नये. प्रवासखर्च, जेवण आणि प्रमाणपत्र हे तर किमान आहे.

सत्र संपल्यावर तिला थेट रिक्षात बसवून घरी आणू नये. भूमिकेतून बाहेर काढण्याचे काम प्रशिक्षकाचे आहे आणि त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. भूमिकेचे नाव लिहिलेले लेबल तिने काढून टाकायचे, खुर्ची बदलायची, आपले नाव, शाळा, आज संध्याकाळी काय करणार हे सांगायचे, आणि कोणता विद्यार्थी आवडला, कोणाचा राग आला हे मनमोकळे बोलायचे. हा भाग तिला बहुधा सर्वांत आवडेल, कारण एरवी डॉक्टरांच्या वागण्याबद्दल चौदा वर्षांच्या मुलीचे मत कोणी विचारत नाही. विद्यार्थ्यांना ते मत तिच्या तोंडून ऐकवायचे असेल तर तिने ते शिक्षकासोबत आधी ठरवून सांगावे. गुण मात्र तिने देऊ नयेत.

पुढचे दोन आठवडे तिच्या झोपेकडे, जेवणाकडे, मैत्रिणींशी बोलण्याकडे नेहमीच्याच नजरेने लक्ष असावे, चौकशा करून तिला भंडावून सोडू नये. काही वेगळे जाणवले तर ज्या समुपदेशकाशी ती आधी बोलली त्याच्याकडेच न्यावे. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मराठीतूनही मदत देतो.

मॅडमना तोंडी उत्तर देऊ नये. दोन परिच्छेदांचे पत्र लिहावे, मुलासाठी असमर्थता कळवावी, मुलीसाठी वरील अटी मांडाव्यात, आणि पत्र वैद्यकीय शिक्षण कक्षालाही पाठवावे, म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर राहणार नाही. अटी मान्य झाल्या नाहीत तर मुलीला कारण खरे सांगावे आणि तिची हौस शाळेच्या पुढच्या एकांकिकेत पुरी होऊ द्यावी. पत्राची पोच घेऊन एक प्रत घरी ठेवावी.